मुंबई ते न्यूयॉर्क नक्की किती तास? तिकिटावरचा हिशोब जुळंना

कृष्णाकाठ_सांगली:
आई बाबा १२ डिसेंबरला बहिणीकडं न्यूयॉर्कला निघालेत, डायरेक्ट फ्लाइट हाय. तिकिटावर मुंबईतनं रात्री २ ला सुटून त्याच दिवशी सकाळी ७:३० ला पोच, म्हणजे साडेपाच तास?? आणि जानेवारीत येताना सकाळी ११:३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, म्हणजे साडेचोवीस तास. अंतर तर एकच ना? दोघं सत्तरीच्या पुढची हायत, बाबांना शुगर हाय, नक्की किती वेळ बसून काढायचाय ते कळलं तर तशी तयारी करता येईल.

मिरज_जंक्शन:
तिकिटावर जिथली वेळ तिथल्या घड्याळाची असते बघा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागं, त्यामुळं तुमचे रात्रीचे २ म्हणजे तिकडं आदल्या दिवशी दुपारचे ३:३०, तिथनं सकाळी ७:३० पर्यंत मोजा, १६ तास झाले. येताना तसंच मोजलं की १४ भरतात. शॉर्टकट पाहिजे तर तुमचे साडेपाच आणि साडेचोवीस मिळवून निम्मे करा, एका बाजूचे सरासरी १५ येतात, घड्याळाचा फरक आपोआप उडतो.

विश्रामबागकर:
वरचं बरोबर, पण १६ आणि १४ का, ते पण सांगतो. सरळ अंतर साधारण १२,५०० किमी, विमान ताशी ९०० च्या आसपास जातं, म्हणजे वारं नसतं तर जाता येता १४ तासच लागले असते. पण दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जेटस्ट्रीम नावाचा वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, हिवाळ्यात तर लई जोरात, जाताना तो समोरनं येतो आणि येताना पाठीमागनं ढकलतो. दुसरं म्हणजे रस्ता. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो पाकिस्तान, रशियावरनं पार उत्तरेकडनं जातोय, पण पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली, रशियावरनं अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून जाता येत नाही, मग वळसा घालून जायचं म्हणजे अंतर आणि वेळ दोन्ही वाढतं.

हळदीचा_वास:
तासांचं झालं, पण तारीख नीट बघा ओ!! १२ ची रात्री २ म्हणजे ११ तारखेचीच रात्र. सांगलीहून ११ ला सकाळी दहा-अकरालाच गाडी काढा, कराड सातारा खंबाटकी करत पुण्यातल्या ट्रॅफिकसकट आठ-नऊ तास धरा, रात्री दहापर्यंत विमानतळावर पोचलं पाहिजे. दोघांनाही व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. बाबांच्या गोळ्या हँडबॅगेत, मोठ्या बॅगेत अजिबात टाकू नका, आणि इन्सुलिन असंल तर वेळा कशा सरकवायच्या ते डॉक्टरांकडनं कागदावर लिहून घ्या, कारण जाताना दिवस साडेदहा तासांनी लांबतोय. दर दोन तासांनी उठून पॅसेजमधनं चालायला सांगा, पाय कमी सुजतात.

कृष्णाकाठ_सांगली:
लई उपकार झाले सगळ्यांचे, ११ तारखेची गाडी सांगून टाकतो. बहीण म्हणतेय मार्चअखेरपर्यंत राहू दे, मग परतीचं गणित बदलंल का?

मिरज_जंक्शन:
बदलतंय की. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडं घड्याळ एक तास पुढं करतात, मग फरक साडेनऊचा. १४ तासांचीच फ्लाइट धरली तर ११:३० ला निघून मुंबईत दुपारी १२ च्या ऐवजी ११ ला उतरतील, न्यायला जाणाऱ्या गाडीला तशी वेळ सांगा.