साईटवरच्या माणसांना नाव छापलेले शर्ट: टी-शर्ट बरे की कॉलरचे?

ओळंबा
चऱ्होलीकडे आमचं आरसीसीचं काम चालू आहे, मुकादम धरून ४२ माणसं. गेल्या वर्षी पहिल्यांदाच फर्मचं नाव छापलेले कपडे केले आणि चुकलो. फोनवरच ऑर्डर दिली: १० मीडियम, २० लार्ज, १२ एक्स्ट्रा लार्ज. पॉलिस्टरचे गोल गळ्याचे टी-शर्ट, पाठीवर वीतभर पट्ट्यात नाव. आठ दिवसांत निम्मी माणसं पुन्हा स्वतःच्या जुन्या शर्टात. एका सळईवाल्याला विचारलं, तर तो नुसते दोन्ही हात वर करून उभा राहिला. टी-शर्ट बेंबीच्या वर गेला होता. "साहेब, बीम बांधताना दिवसभर असंच असतं." मला वाईट वाटलं. पैसे आम्ही खर्च केले आणि उघड्या पाठीवर ऊन त्यांनी सोसलं.

यंदा माझं मत कॉलरच्या, पूर्ण बाह्यांच्या शर्टाकडे आहे, तेही प्रत्येकाचं माप घेऊन. अनुभव असलेल्यांनी सांगावं.

कात्री-टेप
मी सोलापुरात गणवेश शिवतो. ओळंबादादा, चूक टी-शर्टाची नाही, मापाची आहे. लार्ज म्हणजे किती, हे प्रत्येक कारखान्याचं वेगळं असतं. आकडा इंचात मागा. शर्ट सपाट अंथरून काखेपासून काखेपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. ३८ छातीच्या माणसाला कामाचा शर्ट ४२ ते ४३ भरला पाहिजे, नाहीतर हात उचलला की पाठीत ताणतो. लांबी ३० इंचांच्या खाली नको. पाठीला खांद्याखाली दोन चुण्या घ्यायला सांगा, खरी मोकळीक त्या देतात.

ऑर्डरच्या आधी प्रत्येक मापाचा एकेक नमुना मागवा. तो दोनदा धुवा, मगच माणसांच्या अंगात घाला, कारण आधी न आटवलेलं सुती कापड धुतल्यावर आटतं. घालून उकिडवं बसायला लावा, हात वर करायला लावा. आरशासमोर ताठ उभ्या माणसाला कुठलाही शर्ट बसतो.

पाठीवरचा भरगच्च छाप टाळा. शाईच्या पट्ट्यातून वारा जात नाही, घाम तिथेच साठतो. छातीवर खिशाच्या वर तीन इंचात नाव पुरतं. तिथे भरतकाम करायचं असेल तर कापड जाड हवं, पातळ टी-शर्टावर ते गोळा होतं.

रोजमेळ
मी विरोधात लिहितोय. माझ्याकडे ६०-७० माणसं असतात, पण तीच माणसं किती दिवस? छठला बिहारची पोरं गावी जातात, त्यातली काही परत येत नाहीत. मराठवाड्यातली जोडपी पेरणीला जातात. ऑक्टोबरात ४२ जणांची मापं घेतलीत तर होळीपर्यंत निम्मे शर्ट भलत्यांच्या अंगात असतील. शिवलेला शर्ट त्या एकाच्याच मापाचा. टी-शर्टाचं कापड ताणतं, दोन माणसांत चालतं. तिरुपूरचा सुती माल खोक्याने आणा, चांगला २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा), एक माप मोठं घ्या, विषय संपला. माणूस आला की त्याच दिवशी त्याच्या हातात कपडा पडतो. मापासाठी थांबवलेल्या माणसाला महिनाभर काहीच मिळत नाही, हा अन्याय तुम्हाला दिसत नाही का?

सळई
रोजमेळभाऊ, तुम्ही सुती म्हणालात म्हणून गप्प बसलो असतो, पण बहुतेक ठेकेदार स्वस्तातलं चकचकीत पॉलिस्टर आणतात. मी गॅस कटिंग करायचो. ठिणगी पडली की सुती कापड जळून भोक पडतं. पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. माझ्या डाव्या दंडावर रुपयाएवढा डाग आहे, कापड सोलून काढावं लागलं होतं. वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडरवाल्यांना तरी निव्वळ सुतीच द्या, मग कॉलर असो वा नसो.

आणि बाह्या पूर्णच हव्यात. ओलं सिमेंट कातडी खातं, काँक्रीटवाल्यांचे कोपर बघा एकदा. फक्त मनगटाला घट्ट बटण पाहिजे. सैल बाही मिक्सरजवळ किंवा सळई वाकवायच्या मशीनजवळ नेणं म्हणजे हात गमावणं.

बिगाऱ्याची लेक
इतकं वाचलं, पण ४२ माणसांत बाया किती, हे कुणी विचारलं नाही. माझी आई पंधरा वर्षं घमेली वाहायची. साडीवर वडिलांचा जुना शर्ट घालायची, तुमच्या साईटवरही घालत असतील. हौस म्हणून नाही. पदर सुटू नये, ऊन आणि सिमेंट अंगाला लागू नये म्हणून. म्हणजे कामाचा शर्ट खऱ्या अर्थाने बायांनी आधीच निवडलेला आहे. तो पूर्ण बाह्यांचा, पुढून उघडणारा, बटणांचा आहे. गोल गळ्याचा टी-शर्ट साडीवरून डोक्यातून घालून बघा, मग कळेल.

पुरुषी शर्ट त्यांना खांद्यात उतरतो आणि नितंबावर अडकतो, खाली साडीच्या निऱ्या असतात ना. कात्री-टेपकाका, माप नितंबाचं घ्या, साडी नेसलेली असताना घ्या आणि दोन्ही बाजूंना चीर ठेवा. माप घ्यायला बाईच पाठवा.

कात्री-टेप
ताई, बरोबर आहे. आमच्याकडे ठेकेदारांची ऑर्डर येते तेव्हा बायांचा रकाना कधी नसतोच, आणि आम्हीही विचारत नाही. चीर सहा इंचांची ठेवली तर घमेलं उचलताना वाकायला अडचण येणार नाही.

रोजमेळ
बायांचं पटलं, त्यांना शर्टच हवेत. सळईभाऊंचंही पटलं. पण बाकीच्यांसाठी मी टी-शर्टावर ठाम आहे, फार तर पूर्ण बाह्यांचे. मे महिन्यात स्लॅबवर बंद कॉलरचा शर्ट घालून उभं राहा, मग बोलू.

सळई
उभा राहिलोय. वरचं बटण उघडता येतं, कॉलर उभी केली की मान झाकते. टी-शर्टात यातलं काहीच होत नाही. मान भाजली की रात्री कूस बदलता येत नाही.

ओळंबा
आमच्याकडे आठ बाया आहेत. गेल्या वर्षीच्या यादीत मी त्यांना मीडियम धरलं होतं, न विचारता. त्या टी-शर्टांचं काय झालं, आज विचारलं. दोघींनी मुलांना घातलेत.

रोजमेळ, नव्या माणसाला थांबावं लागू नये, हा तुमचा मुद्दा धरतो. प्रत्येकाचं वेगळं शिवणार नाही. ३८, ४०, ४२, ४४ अशी तयार मापं इंचात ठरवून घेणार, माणसांना नमुने घालून बघायला लावणार आणि प्रत्येक मापाचे चार-पाच जास्तीचे ठेवणार. बायांचे वेगळे शिवून घेतोय, माझी बहीण माप घ्यायला येणार आहे. माणशी दोन शर्ट, कारण एक दोरीवर वाळत असतो. मजुरीतून एक रुपया कापणार नाही. नाव आमचं आहे, तर खर्चही आमचाच.

कात्री-टेप, सुती कापडात दोन धुण्यांनंतर बाहीची लांबी किती आटते? नमुना सोमवारी येतोय, बाही आधीच इंचभर जास्त मागू का?

कात्री-टेप
कापडावर अवलंबून आहे, म्हणून इंचभर आधी सांगू नका. सोमवारी नमुना आला की बाही मोजून ठेवा, दोनदा धुवा, परत मोजा आणि फरक मला कळवा. तेवढीच वाढवू.