मदत हवी आहे : निमरूदच्या फुटलेल्या शिल्पांचं जतन

नमस्कार मंडळी,

इराकमधल्या निमरूद या प्राचीन अ‍ॅसिरियन शहराविषयी शाळेतल्या मुलांसाठी एक लेख लिहितेय, आणि एका ठिकाणी अडले आहे. तिथला अ‍ॅसिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याचा राजवाडा २०१५ मध्ये आयसिसने सुरुंग लावून उडवला. मोसुलच्या संग्रहालयातल्या त्याच्या सिंहासनाच्या चौथऱ्याचेही तुकडे झाले. पॅरिसचं लूव्र संग्रहालय आणि अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था यांच्या मदतीने ते जुळवण्याचं काम हाती घेतलं गेलं.

या राजवाड्याचे शिलापट, म्हणजे भिंतींवरच्या कोरीव दगडी फरशा, जिप्समच्या दगडाचे. जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं, म्हणजे उघड्यावर पडलेल्या तुकड्यांवरची नक्षी पावसाने झिजणारच. वाचून फार वाईट वाटलं.

दगडाच्या जतनाचं काम करणारं कुणी इथे आहे का? असे तुकडे सांधायला काय वापरतात? पुढे गरज पडली तर तो सांधा सोडवता येतो का? आणि हरवलेल्या भागात नवा दगड बसवावा की जागा रिकामीच ठेवावी? माझं मत रिकामी ठेवावी असं आहे, पण जाणकारांचं ऐकायचंय.

याच राजवाड्यातले शिलापट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यांची निगा कशी राखतात हे कुणाला माहीत असेल तर तेही कृपया सांगा.