अनुभव धागा: पावसाळा ओलांडून टिकलेला बदल

जानेवारीत मुंबईत कोणीही शहाणं होऊ शकतं. पहाटे पंखा बंद करावासा वाटतो, तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन असते, मरीन ड्राइव्हवर आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पळणारे वाढतात. खरी परीक्षा जूनपासून. रुळांवर पाणी, कपडे वाळत नाहीत, घरी पोचायला किती वाजतील याचा भरवसा नाही. तेव्हाही जी सवय शाबूत राहिली, जो विचार बदलला तो बदललेलाच राहिला, त्याबद्दल लिहायचं आमंत्रण.

नवीन वर्षं आपल्याकडे तशी भरपूर: एक जानेवारी, गुढीपाडवा, दिवाळीतला पाडवा, शाळेचा जून, हिशेबाचा एप्रिल. कुठल्याही मुहूर्तावर सुरू केलेलं चालेल. यंदाचे संकल्प मात्र नकोत, ते पुढच्या वर्षी सांगा.

आणि 'एकवीस दिवसांत सवय लागते' हे कृपया कोणी लिहू नका. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की, बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'किमान' गळला आणि चेहराही गळला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये आला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले आणि पसारा १८ पासून २५४ पर्यंत. म्हणजे जानेवारीत सुरू केलेलं एखाद्याच्या अंगवळणी पडायला गणपतीही उजाडू शकतात.

विरारवाली

मी सकाळी विरारहून चढते, त्यामुळे बसायला मिळतं. संध्याकाळी अंधेरीहून परतताना मिळत नाही, तेव्हा हातात पर्स सांभाळायची की पुस्तक? म्हणून वाचन फक्त सकाळी. आधी तो वेळ रील्समध्ये जायचा. पुस्तकं विकत घेऊन पाहिली, ती घरी शोभेला राहिली. मग वाचनालयाची वर्गणी भरली. विकतच्या पुस्तकाला परतीची तारीख नसते, वाचनालयाच्या पुस्तकाला असते, आणि काउंटरवरच्या बाई "झालं का वाचून?" असं विचारतात. मला ते विचारणं पुरतं. पावसाळ्यात पुस्तक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून नेते. आमच्या डब्यात आता तिघी-चौघी वाचतात, एक जण निवडलेली मेथी मांडीवर ठेवून वाचते.

विचारात काय बदललं? गाडी लेट झाली की पूर्वी जीव वरखाली व्हायचा. आता भाईंदर-नायगावच्या मध्ये खाडीवर गाडी थांबली तर मी प्रकरण संपवून घेते.

निवृत्त रोखपाल, मुलुंड

आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. निवृत्त झाल्यावर पाडव्याला बायकोला म्हटलं, आता तुला स्वयंपाकात मदत करीन. ती म्हणाली, "मदत नको. रात्रीचं जेवण तुमचं. पूर्ण."

'पूर्ण' म्हणजे काय ते पहिल्या आठवड्यात कळलं. करायला फारसं अवघड नाही हो. भात, वरण, एक भाजी. कुकर मला लावता येतो, फोडणी करपते कधीकधी. अवघड आहे ते ठरवणं. दुपारी चार वाजता डोक्यात सुरू होतं: काय करायचं, घरात काय आहे, कोथिंबीर संपली का, परवा दुधीच केला होता, नातवाला वांगं चालत नाही, दही लावलं नव्हतं. हे तिच्या डोक्यात रोज, लग्न झाल्यापासून, आणि आम्ही ताटावर बसून "आज पुन्हा दुधी?" असं विचारत होतो.

पहिले काही दिवस मी तिलाच विचारायचो, आज काय करू? तिने उत्तर द्यायचंच बंद केलं. बरं केलं. आता स्वयंपाकघरात माझी पाठकोरी यादी असते आणि बाजारात भाजीवाली मला नावाने ओळखते. पावसाळ्यात पालेभाजी चिखलाची आणि महाग, म्हणून कडधान्यं भिजत घालायची, हे शास्त्रही आलं. रात्री जेवताना कोणी काही बोललं नाही तर मला राग येतो. हा राग नवीन आहे.

ठाणेकरीण

थोडा विरोधी सूर लावते. रोजचे तीन तास प्रवासात, वर ऑफिस, वर घर, आणि त्यावर 'स्वतःला घडवा'? पहाटे पाचला उठा म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की, तुमच्याकडे रात्री भांडी कोण घासतं? मी काही सुरू केलं नाही, बंद केलं. सोसायटीच्या कमिटीतून बाहेर पडले, दोन ग्रुप सोडले, रविवारचं कार्यक्रमांना जाणं कमी केलं. अकराला झोपते. सगळ्या आजारांवर औषध नाही हे, पण मुलीवर ओरडणं खूप कमी झालं. माझी प्रगती एवढीच.

लालबागी

पैशांचं सांगतो. यूपीआय आल्यापासून खिशातून पैसे गेलेले दिसतच नाहीत. नोट मोडताना हात अडखळायचा, स्कॅन करताना अडखळत नाही. खर्च लिहायची ॲपं टाकून पाहिली, ती नोटिफिकेशन पाठवतात आणि आपण ते बाजूला सारतो.

शेवटी आईचा जुना मार्ग धरला, भिशी. ऑफिसातले बारा जण, दर महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव त्याला सगळे पैसे. व्याज शून्य. पण पाच तारखेला अकरा माणसं आपल्याकडे बघत असतात, त्यांना "या महिन्यात जमत नाही यार" असं सांगण्यापेक्षा बाहेरचं खाणं सोडणं सोपं. माझा नंबर लागला तेव्हा क्रेडिट कार्डाची थकबाकी एका दमात भरली. आता तेवढीच रक्कम एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या दरमहा हप्त्यात जाते, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप. भिशीही चालू आहे, कारण एसआयपीकडे बघायला कोणी नसतं.

धागाकर्ती

लालबागी, एक सावधगिरीचा शब्द. अशा खासगी भिशीची १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदणी नसते, त्यामुळे कोणी पैसे घेऊन गेलं तर दाद मागणं कठीण. रोज तोंड दिसणाऱ्या माणसांपुरतीच ठेवा.

लालबागी

हो ताई, म्हणूनच ऑफिसातली. आणि ज्याची नोकरी बदलणार त्याची चिठ्ठी शेवटी!

घाटकोपरची धावणारी

पंचेचाळिशीनंतर धावायला लागले. जानेवारीत आमच्या ग्रुपमध्ये उत्साहाचा पूर येतो, मे महिन्यात मोजकी माणसं उरतात. कारण आळस नाही, दमटपणा आहे. मुंबईत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. जानेवारीतल्या वेगाने मेमध्ये पळलं की छाती धपापते, माणूस म्हणतो 'माझ्याने होत नाही' आणि सोडतो. मी घड्याळ काढून ठेवलं. मार्च ते ऑक्टोबर फक्त 'घराबाहेर पडले का' एवढंच बघते, मध्ये चालले तरी चालतं.

पावसाळ्यासाठी: बूट ओले झाले की आतला तळवा बाहेर काढायचा, बुटांत वर्तमानपत्राची रद्दी कोंबायची, तासाभराने बदलायची. रात्रभरात बरेच सुकतात. टोपी हवी, डोळ्यांवर पाणी येत नाही. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर उतरायचं नाही, खाली झाकण आहे की नाही कळत नाही. त्या दिवशी बिल्डिंगचे जिने. सातव्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून "अजून किती फेऱ्या?" विचारतात आणि मोजतातही.

परळची परिचारिका

तुम्हा सगळ्यांना सकाळ-संध्याकाळ आहे, मला ड्यूटी आहे. या आठवड्यात रात्रपाळी, पुढच्यात सकाळ. 'रोज सहा वाजता' असलं काही माझ्या आयुष्यात बसत नाही. त्यामुळे वाटायचं की सवय वगैरे आपल्यासाठी नाहीच.

लहानपणी पेटी शिकले होते, सुटली होती. भावाने जुनी पेटी दुरुस्त करून दिली तेव्हा ठरवलं: घरी आले, आंघोळ झाली, केस पुसले की पेटीसमोर बसायचं. मग सकाळचे नऊ असोत की रात्रीचे. थकले असेन तर नुसते भूपाचे आरोह-अवरोह, पाच मिनिटं. रात्रपाळीनंतरचे दिवस सर्वांत छान, शेजारी कामावर गेलेले असतात, बेसूर वाजलं तरी कोणाला त्रास नाही. वॉर्डातलं डोक्यात घेऊन झोपायचे, ते कमी झालं. पूर्ण गेलं नाही.

धागाकर्ती

ताई, तुम्ही केलंत त्यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. पीटर गॉल्वित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं की, नुसत्या इच्छेपेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधी ठरवलेलं जास्त पार पडतं. घड्याळाऐवजी ओले केस, हे मात्र तुमचंच.

वडाळ्याचा बाप

माझं दोन ओळींत. मुलाला फोन ठेव म्हणायचो आणि स्वतः अंथरुणात फोन बघायचो. गजराचं घड्याळ विकत आणलं, रात्री सगळ्यांचे फोन फ्रिजवर चार्जिंगला. मुलाने नियम लगेच मान्य केला, बायकोला अजून पटलेला नाही.

विरारवाली

मुलुंडचे काका, एक राहिलं. पोळ्यांचं काय? त्याही तुमच्याकडे?

निवृत्त रोखपाल, मुलुंड

पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणतो. एकदा घरी लाटल्या होत्या, नातवाने एकीला गुजरात म्हटलं आणि दुसरीला श्रीलंका. बायकोने त्या दोन्ही खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी केंद्राचा नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह करून दिला.