'फॅसिलिटेशन पेमेंट'ला काय म्हणायचं? चिरीमिरी, वरखर्च की सरळ लाच?

पैठणगेट
मंडळी, एका शब्दापाशी चार दिवस अडकून पडलेय. वाळूजच्या एका कारखान्याची आचारसंहिता मराठीत करायचं काम आहे, मालक कंपनी जर्मन, मूळ मजकूर इंग्रजीत, आणि मराठी कागद जाणार डिस्पॅचच्या पोरांच्या, ड्रायव्हरच्या, गेटवरच्या सिक्युरिटीच्या हातात. त्यात 'फॅसिलिटेशन पेमेंट' आहे. म्हणजे काम आपल्या हक्काचंच, कागद सगळे बरोबर, पण फाईल लवकर हलावी म्हणून खालच्या माणसाला दिलेले थोडे पैसे. एजन्सीच्या शब्दयादीत 'सुलभीकरण शुल्क' आहे. तेच लिहून मसुदा दिला तर डिस्पॅचच्या एका दादांनी वाचून विचारलं, "मॅडम, ह्याची पावती कुठं मिळते?" बरोबरच आहे त्यांचं, शुल्क म्हटलं की पावती आलीच. चिरीमिरी लिहिलं तर एचआर म्हणतं हलकं वाटतं, लाच लिहिलं तर म्हणतं फार जड. शुक्रवारी द्यायचंय.

उदगीरवाला
ताई, वरखर्च लिहा. मी १२ वर्षं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात व्हाउचर लिहिलेत. ड्रायव्हर लातूरहून माल घेऊन न्हावाशेवाला जायचा अन् परत आला की हिशोब द्यायचा, डिझेल, टोल, जेवण, अन् सगळ्यात खाली 'वरखर्च ३००'. कशाचा वरखर्च हे कुणी विचारायचं नाही. एकदा नवीन अकौंटंटनं विचारलं तर ड्रायव्हर म्हणला, साहेब, रात्री दोनला माझ्यासंगं चला, मग सांगतो. चिरीमिरी बोलतेत, लिहितेत वरखर्च. तुमचे ड्रायव्हर वाचले की लगेच वळखतेत.

मास्तर अंबाजोगाई
वरखर्च म्हणजे ठरलेल्या खर्चाच्या वरचा खर्च, त्यात अनीती नाही. लग्नातही वरखर्च होतो. चांगल्या शब्दाला असं बाटवू नये. लाच हा आपला जुना, सरळ शब्द आहे, संस्कृत लञ्चा, त्यावरून लांच, मग लाच. कन्नडमध्ये लंच, तेलुगूत लंचम, देगलूर-उदगीरकडच्या लोकांना हे सांगायला नको. एवढ्या मुलखात चालणारा शब्द असताना शोधाशोध कशाला?

शेंद्रा हायवे
सर, पैठणगेट ताईंची अडचण वेगळी आहे. मी एका कंपनीत ह्याच कामाला आहे म्हणून सांगते. अमेरिकेचा १९७७ चा कायदा परदेशी अधिकाऱ्याला लाच द्यायला बंदी करतो पण रोजच्या सरकारी कामाला गती यावी म्हणून दिलेल्या पैशाला सूट देतो, म्हणून तर हा वेगळा शब्द जन्मला. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात ती सूट नाही. आपल्याकडं तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार, बळजबरीनं द्यावी लागली असेल तर ७ दिवसांत कळवावं लागतं. म्हणजे वाळूजच्या माणसाला 'ही लाच नाही, दुसरं काहीतरी आहे' असं वाटेल असा कुठलाच शब्द देणं धोक्याचं. आणि जर्मन लोकांनी आपल्याला शिकवावं ह्याचाही राग नको, १९९९ पर्यंत त्यांच्याकडं परदेशात दिलेली लाच धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा करता यायची. 'उपयोगी खर्च' अशा अर्थाचा शब्द होता त्याला. आपला वरखर्चच की तो!

उदगीरवाला
बगा मास्तर, जर्मनीत बी वरखर्च.

गोदाकाठ
सगळ्या जगात हेच आहे. केनियाकडं स्वाहिलीत 'किटू किडोगो' म्हणतात, म्हणजे छोटीशी वस्तू. मेक्सिकोत 'मोर्दिदा', म्हणजे चावा. जपानमध्ये गाजलेल्या, लॉकहीड ह्या अमेरिकी विमान कंपनीच्या लाच प्रकरणात, ज्यात माजी पंतप्रधान तानाकांना १९७६ साली अटक झाली, पैसे मिळाल्याच्या पावत्यांवर 'शेंगदाणे १००' असं लिहिलेलं सापडलं होतं. तिथं पावती होती पण शेंगदाण्यांची! चहापाणी, चिरीमिरी, शेंगदाणे, सगळे शब्द रक्कम बारीक करून दाखवायला. माझं मत लाच.

पैठणगेट
फार कामाचं सांगितलंत. पण पुढच्याच पानावर 'गिफ्ट' आहे आणि मी तिथं 'भेटवस्तू' लिहिलंय, ते चालेल ना? व्हेंडरकडून अमुक किमतीच्या वर घ्यायची नाही, आली तर परत करायची, असा नियम आहे.

जिंतूर रोड
ताई, ह्या 'परत करायची'बद्दल जरा थांबून विचार करा. माझे वडील चिकलठाण्याला डाय, म्हणजे साचे, बनवायचे, छोटं वर्कशॉप. एका परदेशी कंपनीचं काम मिळालं, पहिल्या दिवाळीला त्यांनी तिथल्या मोठ्या साहेबांना हिमरू शाल पाठवली, स्वतः दुकानात बसून निवडलेली. आठ दिवसांनी तोच डबा कुरिअरनं परत, रिबिनीची गाठसुद्धा न सुटलेली, वर तीन ओळींचं इंग्रजी पत्र. वडिलांनी तो डबा दोन दिवस दिवाणावरून हलवला नाही. आई म्हणाली काम गेलं. आपल्यात आहेर परत आला म्हणजे नातंच तुटलं, दुसरा अर्थच नाही त्याचा. पुढं कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं असावं, ते स्वतः वर्कशॉपवर आले, लेथपाशी स्टुलावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले शाल सुंदर होती, मी ठेवली असती तर उद्या तुमचा डाय नापास करताना माझा हात अडखळला असता. हे वाक्य वडील शेवटपर्यंत सांगायचे. नियम तोच होता, पत्रानं तोडलं आणि चहानं जोडलं. तुमच्या कागदात 'समक्ष भेटून, आभार मानून परत करावी' एवढं घालता आलं तर बघा.

शेवडीची सून
डोळे भरून आले वाचून. आहेराचं म्हणाल तर सासूबाईंची वही आहे माझ्याकडं, कुणाच्या लग्नात काय आलं, ५१ रुपये, स्टीलचा डबा, खणाचं कापड, सगळं नावानिशी. आपण उलट आहेर करताना थोडं चढंच द्यायचं, त्याला आहेर फेडणं म्हणतात, म्हणजे ते कर्जच झालं ना. मग साहेबाला दिलेला आहेर साहेब कशानं फेडणार? ऑर्डर देऊनच. म्हणून भेटवस्तू नको, आहेर लिहा, लोकांना बरोबर समजेल.

मास्तर अंबाजोगाई
आहेर मंगलकार्याचा शब्द आहे, तो कंपनीच्या नियमात घालणं मला पटत नाही. वरच्याला द्यायचा तो नजराणा.

गोदाकाठ
सर, मराठवाड्यात नजराणा चालणार नाही. निजामाच्या दरबारात होता तसा, पण आज वर्ग २ ची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन वर्ग १ ची, म्हणजे मोकळी करायला नजराणा सरकारात चलनानं भरतात. तो कायदेशीर आहे, पावती मिळते! नजराणा घ्यायचा नाही असं लिहिलं तर तलाठी कचेरीच बंद पडायची.

मास्तर अंबाजोगाई
एका खात्यानं वापरला म्हणून शब्दाचा मूळ अर्थ जात नाही.

गोदाकाठ
सातबारा ज्याच्या हातात त्याच्यासाठी जातो, सर.

शेंद्रा हायवे
मला वाटतं आपण नामावर भांडतोय आणि अडचण क्रियापदात आहे. आपण लाच 'खाल्ली' म्हणतो, पाप खाणाऱ्याचं. देणारा काय करतो? पैसे 'चारतो'. गुरांना चारावं तसं. त्यात देणाऱ्याला दोष येतच नाही, उलट बिचारा वाटतो. आणि ही आचारसंहिता तर देणाऱ्यासाठीच आहे. म्हणून ताई, 'पैसे चारू नयेत, थोडेसुद्धा' असं लिहा. ड्रायव्हर पावती विचारणार नाही.

पैठणगेट
हे मी आज मोठ्यानं वाचून बघितलं, छान लागतंय. पण एचआर म्हणेल कंपनीच्या कागदात 'चारू नयेत' कसं? आणि रात्री दोनला ड्रायव्हरला अडवलं तर त्यानं काय करायचं, कुणाला फोन करायचा, हे मूळ इंग्रजीत कुठंच नाही. तेही विचारून घेते.

उदगीरवाला
ते तर आधी विचारा ताई, शब्द मागून बगू. गाडी अडली की उशिराचा दंड ड्रायव्हरच्याच पगारातून कापायचे आमच्याकडं, मग तो चारल काय न करल.

मास्तर अंबाजोगाई
'चारणे' ग्राम्य आहे. 'लाच देऊ नये' पुरे. बाकी क्रियापदाचा मुद्दा विचार करण्यासारखा. देगलूरकडचं कुणी असेल तर सांगा, तेलुगूत लंचम खातात की घेतात?

शेवडीची सून
आमची शेजारीण बोधनची आहे, संध्याकाळी विचारते.