पीयूसीची सक्ती आणि व्यक्तिस्वातंत्र्य

घोडबंदरकर:
माझी पेट्रोलवरची मोटार भारत स्टेज ४ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी मानक) ची असून तिचे सर्व्हिसिंग मी वेळेवर करून घेतो. तरीही दरवर्षी पीयूसी (प्रदूषण मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र) काढावी लागते आणि ती नसल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कारावासही होऊ शकतो. गाडीविषयी कोणाचीही तक्रार नसताना मीच माझे निर्दोषत्व सिद्ध करत राहावे, हे व्यक्तिस्वातंत्र्यात कसे बसते?

वाशीचा रहिवासी:
तक्रार येणार तरी कशी? धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग, ना वास. ठाण्यात माजिवड्याच्या सिग्नलला आपल्या मागे उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराला हा वायू कोणत्या गाडीतून येतो हे कळणे शक्य नाही, आणि मोजल्याशिवाय ते आपल्यालाही कळणार नाही. सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली प्रदूषणमुक्त हवेचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्येच धरला आहे. आपण ज्या व्यक्तिस्वातंत्र्याचा दाखला देता, तेही त्याच अनुच्छेदातले.

तुर्भे गॅरेज:
तत्त्व मान्य आहे, पण चाचणीत काय मोजतात तेही पाहावे. पेट्रोलच्या गाडीचे इंजिन जागेवर चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन तपासतात, तर डिझेलच्या गाडीच्या धुराची घनता पाहतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी यात होतच नाही. शिवाय भरलेला ट्रक घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा चढ चढताना जो धूर सोडतो, तो रिकाम्या गाडीच्या चाचणीत दिसेलच असे नाही. काही ठिकाणी तर तपासणी यंत्राची नळी सायलेन्सरात न घालता नंबरप्लेटचा फोटो काढून प्रमाणपत्र हाती देतात. माझ्या मते नागरिकाने आक्षेप घ्यावा तो इथे. (जाता जाता: थंड इंजिनावर चाचणी करू नये, आकडे उगाच जास्त येतात.)

घोडबंदरकर:
कार्बन मोनॉक्साइडचा मुद्दा मला पटला. मात्र सक्ती कुठवर न्यावी, हा प्रश्न उरतोच. पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला होता. त्यामुळे विमा नसलेल्या गाड्या वाढून अपघातग्रस्तांची भरपाई अडचणीत येते, हे लक्षात आल्यावर जुलै २०२४ मध्ये न्यायालयानेच ती अट काढली. नळी न घालता प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्राची तक्रार ठाण्याच्या आरटीओकडे लेखी द्यावी लागते की ऑनलाइनही चालते, हे कोणी सांगू शकेल का?