कसाव्याच्या कांड्या, पांढरी माशी आणि दोष कोणाचा?

तुकोगंजकर:
काल 'काळी माती' यांनी येथे लिहिले की कसाव्याच्या (ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो त्या पिकाच्या) मोझॅक रोगाचा, म्हणजे पाने डागाळून मुरडणाऱ्या विषाणूजन्य रोगाचा, बाऊ बियाणे विकणाऱ्यांनी केला आहे, रोग पसरवते ती पांढरी माशी, आणि शेजाऱ्याकडून लागवडीच्या कांड्या आणण्याच्या जुन्या रीतीला त्यात विनाकारण गोवले जाते. हे वाचून गप्प राहवले नाही.

श्रीलंकन कसावा मोझॅक विषाणू २०१५ पर्यंत श्रीलंका आणि भारत एवढ्यातच ठाऊक होता. त्या वर्षी तो कंबोडियाच्या रतनकिरी प्रांतात सापडला, २०१७ मध्ये व्हिएतनाममध्ये आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये. माशी या शेतातून त्या शेतात रोग नेते, हे खरेच आहे. पण समुद्रापलीकडची मजल माशीच्या पंखांची नव्हे, ती लागवडीच्या कांड्यांची असते. कसाव्याचे खोड तोडून वीतभर लांबीच्या कांड्या करतात, एका झाडाच्या दहाएक होतात, आणि झाड रोगट असेल तर त्या बहुतेक सगळ्या रोग घेऊनच जमिनीत जातात. माशीमुळे उशिरा लागलेल्या रोगापेक्षा कांडीतून आलेला रोग जास्त नुकसान करतो, कारण तो पहिल्या पानापासून झाडाबरोबर असतो. आपल्या एकादशीचा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम-नामक्कलकडच्या शेतांतून येतो आणि तिकडे वर्षानुवर्षे लावली गेलेली एच-२२६ ही जात याच रोगाला सहज बळी पडते. तेव्हा 'बाऊ' हा शब्द मागे घ्यावा.

काळी माती:
शब्द मागे घेणार नाही. माळव्यात सोयाबीन करणाऱ्या कोणालाही विचारा, पिवळा मोझॅक माशीने येतो. घरचे बियाणे असो की विकतचे, माशी आली की सगळ्यांची शेते पिवळी पडतात. मग कसाव्यातच शेतकऱ्याच्या देवाणघेवाणीवर बोट का?

'प्रमाणित' या शब्दाचा अनुभवही ऐका. एका व्यापाऱ्याकडून शिक्का आणि चिठ्ठी असलेली बटाट्याच्या बियाण्याची पोती घेतली. रोपे खुजी निघाली, शेंड्याची पाने वर वळली, आणि तक्रार केली तेव्हा हवामानाचा दोष आहे असे सांगून त्याने मला बाहेरची वाट दाखवली. शेजारच्याच वाफ्यात भावाने शीतगृहात ठेवलेले घरचे बियाणे मात्र चांगले उतरले. ज्याची अर्धा एकर जमीन आहे, जो बहिणीच्या गावाहून कांड्यांची मोळी आणतो, त्याची ती मोळी काढून घेऊन तुम्ही त्याच्या हातात काय देणार आहात?

महूवाली:
सोयाबीनचा दाखला येथे लागू होत नाही. सोयाबीन दाण्यापासून उगवते आणि पिवळा मोझॅक मुख्यतः दाण्यातून पुढे जात नाही, म्हणून दर खरिपात पीक निरोगी सुरू होते. कसावा आणि बटाटा झाडाच्या अंगापासूनच लावतात, त्यामुळे गेल्या हंगामाचा रोग या हंगामात आपोआप येतो. भावाचे बियाणे एक वर्ष चांगले निघाले, यावरून काहीही सिद्ध होत नाही. माझ्या सासऱ्यांनी कुफरी ज्योती या बटाट्याच्या जातीचे घरचे बियाणे हट्टाने चालू ठेवले. दरवर्षी बटाटा लहान होत गेला आणि शेवटी लिंबाएवढे बटाटे मंडीत कोणी उचलेना. जालंधरचे बियाणे लोक हौसेने आणत नाहीत. तिकडे मावा, म्हणजे बटाट्याचे विषाणू पसरवणारी कीड, कमी असतो त्या काळात पीक वाढवतात आणि मावा वाढण्याआधी पाला कापून टाकतात.

काळी माती:
महूताई, ज्यांच्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्यांना जालंधरचा भाव परवडतो. आम्हाला शिकवू नका.

महूवाली:
विहिरीचा विषय मी काढलेला नाही. तुमच्या पोत्यांचा राग तुम्ही कसाव्यावर काढत आहात, एवढेच म्हणते.

सांवेर रोड:
पोत्यांचा राग योग्यच आहे. चिठ्ठीवर लिहिलेले आणि आत भरलेले यांचा मेळ नसेल तर भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न कोणीच घेत नाही. शेंड्याची पाने वळवणारा बटाट्याचा विषाणूही पांढरी माशीच आणते आणि तोही बियाण्यातून पुढच्या पिकात जातो. म्हणजे दोघेही अर्धे खरे बोलत आहेत. ग्वाल्हेरला केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे केंद्र आहे, तरी लहान शेतकऱ्याच्या दारापर्यंत निरोगी बियाणे व्यापाऱ्याच्याच हातून येते.

तुकोगंजकर:
धागा कसाव्याचा आहे आणि अर्ध्याहून जास्त जागा बटाट्याने खाल्ली आहे. कांड्यांबद्दल बोलायचे नसेल तर दुसरा धागा काढावा.

नर्मदाकाठ:
नोकरीमुळे काही वर्षे केरळात होतो, म्हणून लिहितो. घरमालकांच्या परसातल्या कसाव्याचे एक पान हातात घेऊन पाहिले होते: हिरव्यावर पिवळट-पांढुरके डाग, पानाचे एक बोट नीट तर शेजारचे आखूड आणि मुरडलेले. इतके ठळक असूनही त्याच झाडाच्या कांड्या कुंपणावरून पलीकडे दिल्या गेल्या, कारण 'खाली कंद लागतो ना' एवढेच पाहिले जाते.

पण 'काळी माती' यांच्या बाजूने एक गोष्ट आहे. युगांडात १९९० च्या दशकात मोझॅकने हाहाकार केल्यावर त्याला दाद न देणाऱ्या जाती वाटल्या गेल्या, आणि २००४ मध्ये तेथे तपकिरी रेषा रोग हा कसाव्याचा दुसरा रोग दिसला तेव्हा त्यांतल्या कित्येक त्याला बळी पडल्या. या रोगाची पाने बरी दिसू शकतात; कंद कापला की आत तपकिरी, बुचासारखे कुजलेले ठिगळ सापडते. म्हणून डोळ्यांवर भरवसा पुरत नाही आणि एकट्या सुधारित जातीवरही पुरत नाही.

काळी माती:
मोझॅकची पाने दिसत असताना त्या झाडाची कांडी कोणाला देऊ नये, हे मान्य. तिरुवनंतपुरमच्या कंद संशोधन संस्थेने श्री पद्मनाभा, श्री रक्षा यांसारख्या रोगप्रतिकारक जाती काढल्या, तेही मान्य. पण त्यांच्या निरोगी कांड्या आधी गावात फुकट पोहोचू द्या, मग आमच्या मोळीला नियम लावा. उलट क्रम मला मंजूर नाही.

तुकोगंजकर:
फुकट वाटपाला माझा विरोध नाही. मात्र त्या निरोगी कांड्या गावात येईपर्यंत जुनी मोळी बिनदिक्कत फिरत राहिली, तर नव्या कांड्यांच्या शेजारीच रोगाचा साठा उभा राहील आणि माशी उरलेले काम करील. किमान लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत डागाळलेली रोपे उपटून टाकण्याची अट तरी आजपासून हवी.

काळी माती:
उपटलेल्या रोपाच्या जागी लावायला कांडी कोण देणार, ते आधी लिहा.