केमनला मागे १५ मिमीचे स्पेसर लावू का?

प्रश्न: नमस्कार मंडळी. मी स्टुटगार्टला असतो, गाडी २००८ ची पोर्शे केमन. मागची चाकं इतकी आत बसतात की मडगार्डच्या कडेखाली माझी दोन बोटं आडवी मावतात. गाडीवर फार जीव आहे, म्हणून स्पेसर (चाक बाहेर सरकवायला चाक आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, यांच्यामध्ये बसवायची चकती) लावण्याआधी विचारतो. वळणावर फरक पडेल का?

उत्तर: पडेल. मागचा ट्रॅक, म्हणजे मागच्या दोन चाकांमधलं अंतर, ३० मिमीने वाढेल, मागची पकड सुधारेल, पण नाक वळायला जरा जड होईल. म्हणून पुढेही ५ मिमी टाका. स्पेसरचं मधलं भोक ७१.६ मिमीचंच हवं. बोल्ट १५ मिमी जास्त लांब, गोल बैठकीचे (चाकाला टेकणारा भाग गोलाकार असलेले). इथे काटकसर नको.

उत्तर: मी ढिल्या भोकाचे घेतले होते. ताशी ११० किमीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं! चाक काढलं तर हबवर गंजाचा पापुद्रा. तारेच्या ब्रशने घासला, बरोबर मापाचे बसवले, थरथर गेली. ५० किमीनंतर टॉर्क पाना (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा) पुन्हा फिरवा. आणि जर्मनीत आहात, स्पेसरची तपासणी करून गाडीच्या कागदावर नोंद घ्याच.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. शनिवारी आधी हब घासतो.